गाठोड्यातली चिठ्ठी

पवईच्या आयआयटीत ‘फॉसी’ नावाचा एक प्रकल्प चालतो. महागड्या परदेशी सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्या आपल्या महाविद्यालयांना मुक्त सॉफ्टवेअरचा पर्याय द्यायचा, हे त्याचं काम, आणि त्यासाठीचा पैसा केंद्रीय शिक्षण खात्याकडून येतो. या प्रकल्पातून ‘ईसिम’ नावाचं साधन तयार झालं. इलेक्ट्रॉनिक सर्किट आखायचं, ते चालेल का हे संगणकावरच तपासायचं आणि मग त्याचा छापील बोर्ड तयार करायचा, ही तिन्ही कामं त्यात होतात. घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्यात राहणारी किंवा डोंबिवलीत मानपाडा रस्त्यावरून रोज स्टेशन गाठणारी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी ते उतरवून घेते, तेव्हा तिच्या दृष्टीने ती एकच वस्तू असते. एक फाइल आणि पडद्यावर उमटणारं एक चिन्ह. प्रत्यक्षात तिच्या घरात आलेलं असतं एक गाठोडं. सर्किट आखणारा भाग म्हणजे ‘कायकॅड’. तो १९९२ साली फ्रान्समध्ये ज्याँ-पिएर शारा या प्राध्यापकाने लिहायला घेतला. सर्किट तपासणारा भाग म्हणजे ‘एनजीस्पाइस’. त्याचं मूळ कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात लिहिलेल्या ‘स्पाइस’मध्ये आहे. डिजिटल भागासाठी ‘जीएचडीएल’ आहे, तो आणखी तिसऱ्याच माणसाचा. हे सगळं एकमेकांशी बोलतं करणारा धागा पायथन भाषेतला, आणि तो पवईत विणला गेला.

हे सगळे लोक आपापलं काम फुकट देतात, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण त्यातल्या प्रत्येकाने देताना एक चिठ्ठी लिहिलेली असते आणि प्रत्येक चिठ्ठीतला मजकूर वेगळा असतो. कायकॅड जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे: बदल करून दुसऱ्याला द्यायचं असेल, तर बदललेला मूळ कोडही त्याच अटींवर द्यायचा. एनजीस्पाइसचा मुख्य भाग बीएसडी परवान्याखाली आहे: लेखकाचं नाव आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, मग बंदिस्त उत्पादनात घातलं तरी हरकत नाही. कायकॅडसोबत सर्किटातल्या सुट्या भागांच्या चिन्हांचं आणि आकारांचं मोठं भांडार येतं. त्याला आणखी वेगळा परवाना आहे, क्रिएटिव्ह कॉमन्सचा, आणि त्यात एक अपवाद मुद्दाम लिहून ठेवलेला आहे. भांडारातली चिन्हं वापरून तुम्ही जे सर्किट आखाल, त्याला या परवान्याच्या अटी लागू होणार नाहीत, असं तो अपवाद सांगतो. तो लिहिला नसता तर त्या विद्यार्थिनीच्या सर्किटावर भांडाराच्या लेखकांचा हक्क लागतो की काय, अशी शंका कुणीही काढू शकलं असतं. कधीही न भेटलेल्या माणसाच्या अडचणीचा आधीच विचार करून लिहिलेलं हे वाक्य आहे. परवान्याचा मजकूर म्हणजे वकिलांनी माथी मारलेला कागद, असं समजणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

मुक्त सॉफ्टवेअर एकट्याने लिहिलं जात नाही, ते बांधलं जातं. बांधणारा माणूस दुसऱ्यांचे तुकडे उचलतो, शेजारी ठेवतो, एकमेकांत गुंफतो आणि पुढे देतो. त्या क्षणी तो वापरणारा राहत नाही, देणारा होतो. म्हणून प्रत्येक तुकड्यासोबतची चिठ्ठी वाचण्याची, त्या चिठ्ठ्या एकमेकींशी भांडत नाहीत ना हे पाहण्याची आणि त्या सगळ्या गाठोड्यात तशाच ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. मला तर वाटतं, सॉफ्टवेअरचं मुक्तपण त्या जबाबदारीतच असतं. ती टाळली की उरतं ते निव्वळ फुकट. मराठीत आपण फुकट आणि मुक्त या दोन गोष्टींची गल्लत अनेक वर्षं करत आलो आहोत आणि तिची किंमत मराठी अक्षरांनी, शब्दांनी, अगदी आपल्या नगरपालिकांनीही मोजलेली आहे किंवा पुढे मोजायची आहे.

एनजीस्पाइसचीच गोष्ट पाहा. बर्कलीने स्पाइसची तिसरी पिढी वाटली, तेव्हा तिच्या चिठ्ठीत शिक्षण, संशोधन आणि विनानफा कामासाठी हे वापरायला, बदलायला, वाटायला परवानगी आहे असं म्हटलं होतं. वाचायला हे किती उदार वाटतं! विद्यापीठाचं काम विद्यार्थ्यांसाठी आहे, यात गैर काय? पण डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स वितरणाने १९९७ साली मुक्त सॉफ्टवेअरचे आपले निकष लिहून काढले होते आणि त्यातला सहावा निकष सांगतो की कामाच्या क्षेत्रावरून भेदभाव नको. धंद्यासाठी वापरू नका असं सांगणारा परवाना या निकषात बसत नाही. म्हणून एनजीस्पाइस वर्षानुवर्षं डेबियनच्या मुख्य संग्रहाबाहेर, ‘अमुक्त’ विभागात पडून राहिलं. हा हटवादीपणा होता असं कुणाला वाटेल. पण आपल्याकडची परिस्थिती डोळ्यांपुढे आणली की त्या अटीचा अर्थ कळतो. कॉलेजात शिकताना हे साधन वापरायला मोकळीक, आणि तीच मुलगी पदवी घेऊन डोंबिवली एमआयडीसीत एखाद्या शेडमध्ये कंट्रोल पॅनेल बनवण्याचा छोटा कारखाना काढेल, त्या दिवशी हातातलं साधन खाली ठेवायचं. शिकवलेलं कमाईला लावता येणार नसेल, तर ते शिक्षण अर्धं राहिलं. पुढे एनजीस्पाइसच्या लोकांनी जुनी अट काढून तो भाग बीएसडी परवान्याखाली आणला आणि मग ते डेबियनच्या मुख्य संग्रहात आलं. जुन्या कोडची वंशावळ तपासून, फाइलमागून फाइल पाहत केलेलं हे काम. त्याचा सत्कार कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

गाठोडं बांधण्याचे दोन प्रकार असतात आणि सगळे तंटे त्या दोहोंमधल्या सीमेवर होतात. दिवाळीचा फराळ परदेशी पाठवायचा म्हणून डोंबिवली-ठाण्यात डबे भरले जातात, त्यांची उपमा इथे चपखल बसते. डब्यात चकली, शंकरपाळे आणि करंजी शेजारी-शेजारी असतात. चकली एका घरची, करंजी दुसऱ्या घरची असली तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण चिवड्याचं तसं नसतं. शेंगदाण्याचं वावडं असलेल्या माणसाला दाणे वेचून काढल्यावरही तो चिवडा देता येत नाही, कारण दाण्याचं तेल आणि कूट सगळ्यात मुरलेलं असतं. जीपीएलच्या मजकुरातही हाच भेद आहे. स्वतंत्र प्रोग्रॅम एकाच माध्यमावर नुसते एकत्र ठेवले, तर एकाच्या अटी दुसऱ्याला लागत नाहीत. ते एकजीव केले, तर सगळ्याला जीपीएल लागू होतो. ईसिममध्ये कायकॅड आणि एनजीस्पाइस हे वेगवेगळे प्रोग्रॅम आहेत, सर्किटाची यादी असलेली फाइल एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ही डब्याची मांडणी झाली. पण लायब्ररी म्हणून जोडलेला कोड, चालू असताना बोलावलेला कोड, प्लगिन म्हणून लावलेला कोड यांच्या बाबतीत डबा कुठे संपतो आणि चिवडा कुठे सुरू होतो, यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत. म्हणून बांधणाऱ्याने शंकेच्या जागी स्वतःच्या सोयीचा अर्थ लावू नये, लेखकाला विचारावं. बहुतेक लेखक उत्तर देतात.

आणि हे फक्त कोडपुरतं नाही. मार्च २०२१ मध्ये जगभरच्या वेब प्रोग्रॅमरांना एक धक्का बसला. ‘रुबी ऑन रेल्स’ ही हजारो संकेतस्थळांखालची चौकट आहे. तिला ‘माइममॅजिक’ नावाचा एक लहानसा तुकडा लागत असे. हातातली फाइल चित्र आहे, गाणं आहे की मजकूर आहे, एवढं ओळखणं हे त्याचं काम. त्याच्या लेखकाने त्याला एमआयटी हा अगदी सैल परवाना दिला होता. पण त्याच्या पोटात दुसऱ्या एका प्रकल्पातून आणलेली फाइल-प्रकारांची यादी होती आणि ती यादी जीपीएलखाली होती. मूळ प्रकल्पाच्या माणसाने हे दाखवून दिलं. माइममॅजिकच्या लेखकाने चूक मान्य करून जुन्या आवृत्त्या मागे घेतल्या आणि नवी आवृत्ती जीपीएलखाली काढली. जुन्या आवृत्त्या नाहीशा होताच जगभर रेल्सची नवी जुळणी अडली. रेल्सच्या लोकांनी तो तुकडा काढून दुसऱ्या मोकळ्या यादीवर उभा असलेला पर्याय बसवला, तोही दोन दिवसांत. यात कुणी खटला भरला नाही, कुणी नुकसानभरपाई मागितली नाही. एका यादीसोबतची चिठ्ठी काही वर्षांपूर्वी वाचायची राहिली होती, एवढंच. लक्षात ठेवायचं ते हे, की ती फाइल म्हणजे प्रोग्रॅम नव्हता. नुसती यादी होती. आपल्याकडे मराठी शब्दांच्या याद्या, अक्षरांचे फाँट, जोडाक्षरांचे नियम, कळफलकांचे आराखडे असं जे वाटलं जातं, तेही अशाच जातीचं असतं.

फाँटचा विषय थोडा सविस्तर घ्यायला हवा, कारण मराठी माणसाचा सॉफ्टवेअरच्या परवान्यांशी पहिला संबंध, नकळत का होईना, तिथेच येतो. विंडोज २००० सोबत देवनागरीचा ‘मंगल’ हा फाँट आला आणि युनिकोडमधली मराठी असंख्य लोकांनी पहिल्यांदा त्याच अक्षरांत पाहिली. त्याची रचना र. कृ. जोशी यांची. मुंबईत आयआयटीत शिकवणारा, सुलेखन आणि कविता दोन्हींत रमलेला हा माणूस देवनागरीच्या संगणकीय रूपाचा एक मूळपुरुष आहे. पण मंगल हा विंडोजचा भाग होता. लिनक्स वितरण बांधणाऱ्याला तो उचलून आपल्या गाठोड्यात घालता येत नव्हता. मायक्रोसॉफ्टने १९९६ पासून काही फाँट वेबसाठी मोकळे ठेवले होते, पण ते मूळ बांधणीतच, काहीही न बदलता पुढे द्यायचे होते. म्हणून आजही डेबियन आणि उबुंटूत त्या फाँटांच्या नावाने मिळणाऱ्या पॅकेजमध्ये फाँट नसतातच, ते मूळ फाइली इंटरनेटवरून आणून बसवणारी कृती तेवढी असते. चिठ्ठीतल्या एका अटीने गाठोड्याचा आकार कसा ठरतो, याचं हे नेमकं उदाहरण. आणि त्या मोकळ्या संचात देवनागरी नव्हतीच. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरवर मराठी वाचायची तर अक्षरंही मुक्त हवीत, हा प्रश्न कुणाच्या तत्त्वज्ञानातून आला नाही. पडद्यावरच्या रिकाम्या चौकोनांनी तो विचारला.

त्याचं एक उत्तर पुण्यातून आलं. रेड हॅट या लिनक्स कंपनीने ‘लोहित’ नावाने भारतीय लिप्यांचे फाँट जीपीएलखाली खुले केले आणि पुढे अनेक वर्षं ते सांभाळणारे लोक तिच्या पुण्याच्या कार्यालयातून काम करत होते. अक्षरं आली, पण परवान्याने नवा पेच उभा केला. जीपीएल प्रोग्रॅमसाठी लिहिलेला आहे. फाँट दस्तऐवजात शिरतो. पीडीएफ करताना अक्षरांच्या आकृत्या त्या फाइलच्या आत जाऊन बसतात. मग जीपीएलचा फाँट आत असलेली कादंबरी, लग्नपत्रिका किंवा एखाद्या कंपनीचा ताळेबंद यांनाही जीपीएल लागू होतो का? जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००५ साली यासाठी एक खास अपवाद सुचवला: फाँट दस्तऐवजात आल्याने दस्तऐवजाला अटी लागत नाहीत. तो फाँटच्या लेखकाने स्वतः जोडावा लागतो. जोडला नाही तर शंका कायम. त्याच सुमारास एसआयएल या संस्थेने फक्त फाँटसाठी वेगळा परवाना लिहिला, ओपन फाँट लायसन्स. त्याची आज चालणारी १.१ ही आवृत्ती २००७ ची. फाँट कुठल्याही सॉफ्टवेअरसोबत बांधा, दस्तऐवजात घाला, बदला. नुसता फाँट मात्र एकटा विकू नका. आणि चिठ्ठी प्रत्येक प्रतीसोबत ठेवा. लोहित २०११ मध्ये जीपीएल सोडून या परवान्याखाली आला. २०१५ मध्ये गूगलच्या नोटो फाँटांनीही अपाची हा सैल परवाना सोडून हाच स्वीकारला. अक्षरांच्या जगाला आपली अशी चिठ्ठी मिळाली आणि गाठोडी बांधणाऱ्यांची अर्धी चिंता मिटली.

या परवान्याने मराठीला काय दिलं, ते ‘ल’ आणि ‘श’ या दोन अक्षरांत पाहता येतं. हिंदी छपाईतला ल आणि मराठी वळणाचा ल वेगळा, श चंही तसंच. हिंदी डोळ्यापुढे ठेवून काढलेल्या फाँटात मराठी मजकूर लावला की आपल्या डोळ्यांना काहीतरी खटकतं, काय ते नेमकं सांगता आलं नाही तरी. लोहितमध्ये हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी अशा वेगळ्या फाइली होत्या, पुढे त्या ‘लोहित देवनागरी’ या एका फाँटात आणल्या गेल्या. हे करायला कुणाच्या दारात जावं लागलं नाही, कारण बदलण्याची परवानगी चिठ्ठीत आधीच होती. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्त’ हा फाँट आज किती तरी मराठी संकेतस्थळांवर दिसतो, तो याच परवान्याखाली आहे. ‘यात्रा वन’ हा फाँटही तसाच. त्याची देवनागरी मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेली आहे. ठाणे, दिवा, डोंबिवली ही नावं ज्या रंगाऱ्यांनी पत्र्यावर रंगवली, त्यांच्या हाताचं वळण आज जगातला कुणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये बांधू शकतो.

ओपन फाँट लायसन्समध्ये नावाचं एक कलम आहे आणि गाठोडी बांधणाऱ्यांना सर्वांत जास्त तेच अडवतं. लेखकाने फाँटचं नाव राखून ठेवलं असेल, तर बदललेला फाँट त्या नावाने वाटता येत नाही. हेतू सरळ आहे, बदल करणाऱ्याच्या चुकांचं खापर मूळ लेखकावर फुटू नये. मानपाडा नावाची दोन ठिकाणं असलेल्या मुलखाला नावाचा हा घोळ समजावून सांगायला नको. ‘मानपाडा’ म्हटलं की ठाण्याचा की डोंबिवलीचा, हे विचारल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही. पण अडचण अशी की वेबसाठी फाँट हलका करायला त्यातली न लागणारी अक्षरं काढून टाकतात, आणि हाही बदलच ठरू शकतो. मग प्रत्येक संकेतस्थळाने फाँटला नवं नाव द्यायचं का? म्हणून गूगलसारखे वाटप करणारे आता लेखकांना नाव राखून न ठेवण्याचा आग्रह धरतात. फायरफॉक्सच्या बाबतीत हाच पेच व्यापारचिन्हातून आला. कोड मुक्त होता, नाव आणि चिन्ह नव्हतं. डेबियनला स्वतःच्या दुरुस्त्या करायच्या होत्या, म्हणून २००६ पासून २०१६ पर्यंत दहा वर्षं तिथे तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ नावाने मिळत होता. कोडचा परवाना वाचून थांबणारा बांधणारा इथे चुकतो. नाव, चिन्ह, चित्रं, आवाज, फाँट यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कोण खटला भरणार? ठाण्यातल्या एखाद्या लहान कंपनीने कुणाचा तरी कोड चिठ्ठी फेकून देऊन वापरला, तर जर्मनीत बसलेल्या लेखकाला कळणार कसं आणि कळलं तरी तो करणार काय? या आक्षेपाचं उत्तर अमेरिकेतल्या एका खेळण्यातल्या रेल्वेच्या खटल्याने २००८ मध्ये दिलं. जेकबसेन नावाच्या माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी खेळण्यातल्या रेल्वे चालवण्याचं सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली दिलं होतं. कॅट्झर नावाच्या व्यावसायिकाच्या उत्पादनात त्यातल्या फाइली सापडल्या. लेखकांची नावं नव्हती, कॉपीराइटची सूचना नव्हती, बदल काय केले याची नोंद नव्हती. बचाव असा होता की फुकट दिलेल्या वस्तूच्या अटी म्हणजे नुसतं वचन. मोडलं तर फार तर कराराचा भंग. अपील न्यायालयाने ते मानलं नाही. या अटी परवानगीच्याच अटी आहेत, त्या पाळल्या नाहीत तर परवानगीच उरत नाही आणि मग तो कॉपीराइटचा भंग ठरतो, असं न्यायालयाने म्हटलं. पैसे न घेणाऱ्यालाही आपल्या कामावर हक्क असतो, हे त्यात आलं. आणि ऐरोली-महापेच्या कार्यालयांत बसून परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांना तर हा आक्षेप लागूच पडत नाही, कारण तुकड्यांची यादी आणि त्यांचे परवाने तो ग्राहकच आधी मागतो. पण खटल्याच्या भीतीवर मला हा युक्तिवाद उभा करायचा नाही. ज्याने आपली रात्र खर्चून केलेलं काम तुम्हाला दिलं, त्याने मोबदल्यात मागितली फक्त नावाची एक ओळ. पकडले जाणार नाही म्हणून तीही न देणं, याला आपल्या भाषेत काय म्हणतात ते सर्वांना ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो प्रामाणिक माणसांकडून येतो. हे सगळं करायला वेळ कुणाकडे आहे? नोकरी सांभाळून रात्री दोन तास मराठी शुद्धलेखन तपासणारं साधन लिहिणाऱ्या माणसाकडून तुम्ही शंभर तुकड्यांच्या शंभर चिठ्ठ्या वाचण्याची अपेक्षा करता? आजच्या वेबवरचा लहानसा प्रोग्रॅमही शेकडो तुकड्यांवर उभा असतो, हे खरंच आहे. माझं उत्तर असं की ओझं वाटून घेतलं की पेलतं, आणि ते वाटून घेण्याची रीत आता तयार झालेली आहे. एसपीडीएक्स नावाच्या पद्धतीत प्रत्येक फाइलच्या डोक्यावर परवान्याचं ठरलेलं छोटं नाव एका ओळीत लिहायचं. यंत्र ती ओळ वाचतं आणि सगळ्या गाठोड्याची यादी काढून देतं. २०२१ मध्ये ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक झाली. प्रत्येकाने आपापल्या तुकड्यावर आपली एक ओळ लिहिली, तर बांधणाऱ्याला शंभर चिठ्ठ्या शोधत बसावं लागत नाही. न लिहिणारा मात्र आपलं दहा सेकंदांचं काम पुढच्या प्रत्येक बांधणाऱ्याच्या तासांत बदलतो. आणि चिठ्ठी स्वतःच्या मनाने लिहू नये. ‘जेसन’ या माहिती-मांडणीच्या मूळ सॉफ्टवेअरच्या परवान्यात एक वाक्य होतं: हे चांगल्या कामासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. भावना निर्मळ आहे, पण चांगलं काय हे ठरवणार कोण? डेबियनने तो परवाना अमुक्त ठरवला. अपाची प्रतिष्ठानने २०१६ मध्ये तो आपल्या प्रकल्पांना वर्ज्य केला, आणि किती तरी ठिकाणी तो तुकडा काढून दुसरा बसवावा लागला.

तिसरं म्हणणं असं की अडचणीचा तुकडा गाठोड्यात घालूच नये. वापरणाऱ्याला सांगावं, हा तू वेगळा उतरवून घे. कायद्याने यात खोट नाही आणि काही वेळा दुसरा इलाजही नसतो. पण याचा भार नेमका कुणावर पडतो ते पाहावं. ज्याला इंग्रजी सूचना कळतात, ज्याचं इंटरनेट चांगलं आहे, तो उतरवून घेतो. शहापूर-मुरबाडच्या शाळेतला संगणक पेन ड्राइव्हवरून आणलेल्या गाठोड्यावर चालतो. त्यात जे नाही, ते तिथे नाही. पूर्ण गाठोडं नीट बांधून देणं हे म्हणूनच महत्त्वाचं काम आहे, आणि ते करायचं तर तुकडे बांधता येतील अशा अटींवर मिळायला हवेत.

सरकारी सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न दुपटीने मोठा होतो. कल्याण-डोंबिवली महापालिका संगणकीकृत नागरी सेवांत राज्यात आघाडीवर होती आणि तिचा नमुना इतर नागरी संस्थांत नेण्याचं राज्य सरकारने ठरवलं होतं. एका पालिकेतलं सॉफ्टवेअर दुसरीकडे न्यायचं म्हटलं की पहिलाच प्रश्न मालकीचा आणि परवान्याचा येतो. आज ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनचं ‘डिजिट’ हे नागरी सेवांचं व्यासपीठ एमआयटी परवान्याखाली खुलं आहे. पण ते उभं आहे काफ्का, पोस्टग्रेस, रेडिस, इलॅस्टिकसर्च अशा इतरांच्या तुकड्यांवर. इलॅस्टिकसर्च वर्षानुवर्षं अपाची परवान्याखाली होतं. जानेवारी २०२१ मध्ये त्यामागच्या कंपनीने तो परवाना सोडायचं जाहीर केलं आणि पुढच्या आवृत्त्या अधिक बंधनांच्या परवान्यांखाली काढल्या. जुन्या आवृत्तीतून ॲमेझॉनने ‘ओपनसर्च’ ही वेगळी शाखा काढली. २०२४ मध्ये कंपनीने एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय परत आणला. रेडिसनेही २०२४ ते २०२५ या काळात असाच प्रवास केला. म्हणजे ‘आम्ही इलॅस्टिकसर्च वापरतो’ एवढं लिहून काही कळत नाही; कोणती आवृत्ती, हे लिहावं लागतं, कारण चिठ्ठी आवृत्तीगणिक बदलते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या घटकांची यादी कशी ठेवावी याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचा मुख्य रोख सुरक्षेवर आहे. पालिकांच्या निविदांत ही यादी परवान्यांसह मागितली जावी आणि ती नागरिकांना पाहता यावी, ही मागणी अवाजवी नाही. घरपट्टीच्या पैशातून घेतलेल्या गाठोड्यात काय बांधलंय, हे कळण्याचा हक्क घरपट्टी भरणाऱ्याला असायला हवा.

आता घरच्या गोष्टीकडे. मराठीत ‘मोफत उतरवा’ असं लिहिलेल्या फाँटांची, शब्दसंग्रहांची, कळफलकांची कमी नाही. त्यातल्या पुष्कळांसोबत चिठ्ठीच नसते. देणाऱ्याचं मन मोठं असतं. अटी कशाला घालायच्या, सगळ्यांनी वापरा, असा त्याचा भाव असतो. पण कॉपीराइट नोंदणीने मिळत नाही, काम जन्माला येताच तो लागतो. त्यामुळे परवान्याचं मौन म्हणजे परवानगी होत नाही. अशी वस्तू एकट्याने वापरणाऱ्याला कुणी अडवत नाही, पण डेबियनच्या, लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-संचाच्या किंवा पवईच्या गाठोड्यात ती कुणी बांधू शकत नाही. आणि बांधली गेली नाही, तर ती देणाऱ्याच्या संकेतस्थळाच्या आयुष्याएवढीच जगते. भाडं भरायचं राहिलं, नाव दुसऱ्याने घेतलं, की वर्षांची मेहनत गेली. लिबरऑफिससोबत वेगवेगळ्या भाषांचे शुद्धलेखन-कोश येतात, प्रत्येकाचा परवाना वेगळा आणि त्याच्या फाइलीत लिहिलेला. ते जगभर पोचले, कारण प्रत्येकाच्या लेखकाने तो कागद लिहिला होता.

आपल्या कायद्यात यासंबंधी एक बारकावा आहे आणि तो मराठीत फारसा बोलला जात नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चं ३० वं कलम सांगतं की परवाना लेखी हवा. ३०-अ कलम सांगतं की हक्क हस्तांतराबाबतचं १९ वं कलम योग्य त्या फेरफारांसह परवान्यालाही लागू आहे. आणि १९ व्या कलमात लिहिलंय की मुदत नमूद केली नसेल तर ती पाच वर्षं धरावी, आणि प्रदेश नमूद केला नसेल तर तो भारतापुरता धरावा. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत मुदतीचं कलम आहे: कॉपीराइटची पूर्ण मुदत, आणि अटी पाळल्या जात असतील तोवर दिलेली परवानगी परत घेता येणार नाही. अपाची परवान्यात कायमस्वरूपी आणि जगभर हे शब्द आहेत. एमआयटी, बीएसडी आणि ओपन फाँट लायसन्स यांच्या मजकुरात मुदतीचा आणि प्रदेशाचा असा उल्लेख नाही. जगभर सगळे ते कायमचेच धरून चालतात, आणि लेखकाचा हेतूही तोच असतो, हे म्हणणं मजबूत आहे. पण भारतात दिलेल्या परवान्याबाबत पाच वर्षांचा मुद्दा कुणी उपस्थित करणारच नाही, असं म्हणून सोडून देण्यापेक्षा तो मुद्दाच शिल्लक न ठेवणं सोपं आहे. प्रसिद्ध परवाना जसाच्या तसा ठेवून त्याशेजारी लेखकाने स्वतःचं एक वाक्य लिहावं: ही परवानगी कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी आहे. आपल्याकडे ती मुदत लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं चालते. हे वाक्य मराठीत लिहिलं तरी ते लेखीच असतं. ते नसेल, तर या दिवाळीत कुणी खुली केलेली मराठी शब्दांची यादी सहाव्या दिवाळीला आपल्या गाठोड्यात ठेवायची की नाही, हे पवईतल्या किंवा मानपाड्यातल्या बांधणाऱ्याला आधी एखाद्या वकिलाला विचारावं लागेल.